उसना लॅपटॉप, रिकामा लॅपटॉप

लेखमाला : किल्ली कुणाकडे? – लेखांक 12

हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या दारातून लॅपटॉप बाहेर न्यायचा, तर सिक्युरिटीवाला असेट टॅग बघतो, सिरियल नंबर गेट पासशी ताडून पाहतो आणि चार्जर घेतला का म्हणून विचारतो. आत काय आहे हे तो विचारत नाही, ते त्याचं कामही नाही. सहारच्या विमानतळावरून तोच लॅपटॉप परदेशी निघाला की हिशेब उलटा होतो. यंत्र साठ-सत्तर हजारांचं, हरवलं तर कंपनी सोसेल. पण आतली ग्राहकाची माहिती, अर्धवट टेंडर, सर्व्हरचे साठवलेले पासवर्ड यांची किंमत कुठल्याच रजिस्टरात नोंदलेली नसते.

म्हणून परदेशातल्या अनेक विद्यापीठांत, प्रयोगशाळांत आणि मोठ्या कंपन्यांत एक पद्धत रुळली आहे. दौऱ्यावर निघालेल्या माणसाचा रोजचा लॅपटॉप ऑफिसातच राहतो. त्याला तेवढ्या दिवसांपुरता दुसरा, मुद्दाम तयार केलेला लॅपटॉप उसना मिळतो. आयटीवाले त्याला ‘लोनर’ म्हणतात. परत आल्यावर तो जसाच्या तसा त्यांच्या ताब्यात द्यायचा, मग ते त्याच्यावरचं सगळं पुसून नव्यानं सिस्टिम चढवतात.

डिस्क एन्क्रिप्शनवरचा लेखांक वाचून काहींनी विचारलं होतं, की डिस्क कुलूपबंद असताना हा दुसऱ्या लॅपटॉपचा खटाटोप कशासाठी? शंका रास्त आहे. एन्क्रिप्शन चोरापुढे टिकतं. रेल्वे स्टेशनवर बॅग गेली, तर चोराच्या हाती फक्त लोखंड आणि प्लास्टिक लागतं. पण परक्या देशाच्या सीमेवर लॅपटॉप मागणारा चोर नसतो. तो गणवेशातला अधिकारी असतो आणि तो पासवर्डच मागतो. तिथे कुलूप किती भक्कम आहे याला अर्थ उरत नाही, कारण किल्ली तुमच्याच डोक्यात असते आणि तुम्ही त्याच्यासमोर उभे असता.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडची बरीच माणसं तिथे जातात. तिथल्या सीमाशुल्क खात्याला येणाऱ्या-जाणाऱ्याची उपकरणं वॉरंटशिवाय तपासता येतात. त्या खात्याच्या जानेवारी 2018च्या निर्देशानुसार तपासणीचे दोन प्रकार आहेत. साध्या तपासणीत अधिकारी यंत्र हातात घेऊन चाळतो, त्यासाठी संशयाचं कारण लागत नाही. दुसऱ्या प्रकारात यंत्र बाहेरच्या उपकरणाला जोडून त्यातला मजकूर उतरवून घेतात. त्यासाठी वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेची बाब असावी लागते. 2024च्या आर्थिक वर्षात अशा तपासण्या 47 हजारांच्या आसपास झाल्या. देशात येणाऱ्यांच्या संख्येपुढे हे प्रमाण 0.01 टक्क्याच्या आसपास आहे, म्हणजे घाबरून जाण्याजोगं काही नाही. पण त्या 47 हजारांत कोण असेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. पासवर्ड द्यायला अमेरिकन नागरिकानं नकार दिला तर यंत्र अडकतं, माणसाला देशात प्रवेश मिळतो. व्हिसावर आलेल्यानं नकार दिला तर त्याला विमानतळावरूनच परत पाठवलं जाऊ शकतं. एच-1बी हातात घेऊन उभ्या असलेल्या इंजिनिअरला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

ब्रिटनमध्ये 2000च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली थांबवलेल्या माणसानं पासवर्ड नाकारणं हा गुन्हा ठरतो. न्यूझीलंडनं 2018मध्ये अशा नकाराला 5,000 डॉलरपर्यंत दंड ठेवला. लोकशाही देशांची ही स्थिती आहे. चीन-रशियाचं नाव अजून घेतलेलंही नाही.

एक प्रसंग पाहा. सिड बिक्कन्नवर हे नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले शास्त्रज्ञ, जन्मानं अमेरिकन. चिलीत सौरऊर्जेवरच्या गाड्यांची शर्यत आटोपून ते जानेवारी 2017च्या अखेरीस ह्यूस्टनला उतरले, तेव्हा त्यांना बाजूला घेऊन फोनचा पिन मागितला गेला. फोन प्रयोगशाळेच्या मालकीचा होता आणि त्यावरचं काम जपण्याची जबाबदारी आपली आहे, हे त्यांनी सांगून पाहिलं. शेवटी पिन दिला. अधिकाऱ्यांनी फोन आत नेला आणि काही वेळानं परत आणून दिला. मधल्या वेळात त्याचं काय झालं हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. प्रयोगशाळेच्या सुरक्षा विभागानं मग तो फोन तपासायला काढून घेतला. पुढे अशा झडत्यांविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत तेही होते, पण 2021मध्ये अपील न्यायालयानं सरकारच्या बाजूनं कौल दिला.

या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मालकीची गुंतागुंत. वस्तू संस्थेची, बोट कर्मचाऱ्याचं आणि हुकूम तिसऱ्याचाच. संस्थेनं आपल्या माणसाला अशा पेचात उभं करू नये, यासाठी उसना लॅपटॉप असतो. अमेरिकेच्या त्याच निर्देशात एक कलम प्रवाशाच्या सोयीचं आहे. अधिकाऱ्यानं यंत्रावर प्रत्यक्ष असलेलाच मजकूर पाहायचा, नेटवर्क बंद ठेवायचं, दूरच्या सर्व्हरवरचं काही उघडायचं नाही. यंत्रावर काहीच नसेल तर पासवर्ड सांगूनही बिघडत नाही. जत्रेला निघालेली बाई दागिने घरच्या कपाटात ठेवून जाते, तसंच हे. कोणी विचारलं तर खरं सांगायचं, की हा कंपनीचा प्रवासाचा लॅपटॉप आहे. रांगेत उभं राहून घाईघाईनं फायली उडवत बसणं मात्र फार वाईट दिसतं.

सीमेपलीकडचा धोका वेगळ्या जातीचा. तिथे कुणी काही मागत नाही. 2008च्या मे महिन्यात बातमी आली, की अमेरिकेचे वाणिज्यमंत्री कार्लोस गुटिएरेझ बीजिंगला गेले असताना त्यांच्या चमूतला एक लॅपटॉप थोडा वेळ नजरेआड राहिला आणि त्यातला मजकूर उतरवून घेतला गेला का, याची चौकशी चालू आहे. 2014मध्ये कॅस्परस्की कंपनीनं ‘डार्कहॉटेल’ नावाची टोळी उघडकीला आणली. ती आशियातल्या महागड्या हॉटेलांच्या वाय-फायमध्ये दबा धरून असायची. ठरावीक पाहुणा खोलीत येऊन इंटरनेटला जोडला गेला की त्याच्या पडद्यावर नेहमीच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आल्याची सूचना झळकायची. त्यानं होकार दिला की हेर आत शिरायचा. लक्ष्य कोण, तर कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी. अपडेट करा, अपडेट करा असं आम्हीच लोकांना बजावत असतो, हे त्या टोळीला चांगलं ठाऊक होतं.

केनेथ लिबरथाल हे चीनचे जाणकार अभ्यासक. 2012मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांच्या प्रवासाची शिस्त छापून आली आणि तेव्हापासून या विषयावर बोलणारा प्रत्येकजण तिचा दाखला देतो. फोन आणि लॅपटॉप ते घरीच ठेवत. सोबत उसनी यंत्रं असत, ती निघण्याआधी पुसलेली आणि परतल्यावर पुन्हा पुसायची. बैठकीत फोनची बॅटरी काढून ठेवायची. पासवर्ड कीबोर्डवर टाइप न करता पेन ड्राइव्हवरून कॉपी करायचा, कारण कळा टिपणारं सॉफ्टवेअर बसलेलं असू शकतं. यातलं बॅटरीचं आता जमणार नाही, हल्लीच्या फोनची बॅटरी निघतच नाही. पेन ड्राइव्हवर पासवर्ड ठेवायचा सल्लाही मी आज देणार नाही, जे कळा टिपतं ते कॉपी केलेलंही टिपू शकतं. पण ‘घरी ठेवून जा’ हा भाग जसाच्या तसा टिकला आहे. फरक पडला तो नकाशात. एप्रिल 2025मध्ये फायनान्शियल टाइम्सनं बातमी दिली, की युरोपीय आयोग वॉशिंग्टनला निघालेल्या काही अधिकाऱ्यांना साधे लॅपटॉप आणि तात्पुरते फोन देतो आहे. ही खबरदारी आधी चीनच्या दौऱ्यांसाठी ओळखली जायची.

थोडं विषयांतर. 21 मार्च 2017ला अमेरिकेनं दहा विमानतळांवरून थेट येणाऱ्या विमानांच्या केबिनमध्ये लॅपटॉप आणायला बंदी केली. दुबई, अबुधाबी, दोहा त्या यादीत होते, म्हणजे मुंबईहून आखाती विमानानं अमेरिकेला जाणारे आपले कितीतरी प्रवासी त्यात सापडले. लॅपटॉप चेक-इन सामानात द्यायचा आणि पुढचे चौदा-पंधरा तास काम बंद. तेव्हा कतार एअरवेजनं बिझनेस क्लासच्या प्रवाशांना विमानातच लॅपटॉप उसने द्यायला सुरुवात केली. आपलं काम पेन ड्राइव्हवर घेऊन यावं अशी सोय होती. पाहुणचार म्हणून उत्तम, पण सुरक्षेच्या दृष्टीनं अगदी उलटा प्रकार. आपलं यंत्र सामानाच्या पोटात नजरेआड, आणि आपला मजकूर कुणी जुळवलं ते माहीत नसलेल्या यंत्रावर. जुलैपर्यंत बंदी उठली आणि ती सेवाही मागे पडली. लॅपटॉप उसना असणं हा काही आपोआप गुण होत नाही, तो कुणाकडून घेतला यावर सगळं आहे.

आता जरा रूक्ष भाग, पण यात माणसं तुरुंगात गेली आहेत. लॅपटॉप घेऊन देशाबाहेर जाणं म्हणजे कायद्याच्या भाषेत निर्यात. अमेरिकेच्या निर्यात नियमांत नोकरीच्या लॅपटॉपला बहुतेक देशांसाठी ‘कामाचं साधन’ म्हणून सवलत आहे. अट अशी, की तो सतत आपल्या ताब्यात राहावा आणि वर्षाच्या आत परत यावा. निर्बंध असलेल्या देशांना ही सवलत सरसकट लागू नाही. आणि सवलत यंत्राला असली म्हणून आतल्या तांत्रिक माहितीला असतेच असं नाही. टेनेसी विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन रीस रॉथ अमेरिकन हवाई दलासाठी ड्रोनवरचं संशोधन करत होते. 2006मध्ये ते चीनला व्याख्यानांसाठी गेले, तेव्हा त्या प्रकल्पाची नियंत्रित माहिती त्यांच्याबरोबर गेली. त्यांच्यावर आणखीही आरोप होते, दोन परदेशी विद्यार्थ्यांना ती माहिती पाहू दिल्याचे. 2008मध्ये ते दोषी ठरले आणि पुढच्या वर्षी त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. वय सत्तरी पार.

आपल्याशी याचा संबंध असा, की डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला घरी येणारा पीएच.डी.चा विद्यार्थी प्रयोगशाळेचा लॅपटॉप सहज बॅगेत टाकतो. त्याचं संशोधन खुलं, प्रसिद्ध होणारं असेल तर बहुधा काहीच अडत नाही. प्रकल्प संरक्षण खात्याच्या पैशानं चालत असेल तर विद्यापीठाच्या निर्यात विभागाला विचारल्याशिवाय निघू नये. उलट दिशेनंही तेच आहे. आपल्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या स्कोमेट यादीतलं तंत्रज्ञान लॅपटॉपवरून बाहेर नेलं, तरी ती परवान्याची बाब होते. वालचंदनगरपासून बंगळुरूपर्यंत संरक्षण उत्पादनाची कामं घेणाऱ्या कारखान्यांतल्या इंजिनिअरांनी हे वाक्य दुसऱ्यांदा वाचावं.

उसना लॅपटॉप मिळवायचा कसा? आधी मागून. उद्याचं विमान आणि आज आयटी हेल्पडेस्कला तिकीट, असं केलं तर मिळतो तो कपाटातला जुना, अपडेट न झालेला डबा. किमान दोन आठवडे हाताशी ठेवावेत. चांगल्या लॅपटॉपवर पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन असतं, ॲडमिन हक्क नसतात, व्हीपीएन बसवलेला असतो, आणि दौऱ्यापुरतं वेगळं खातं असतं. ते खातं फक्त त्या कामाच्या फोल्डरपर्यंतच पोहोचू देणारे आयटी विभाग मी थोडे पाहिले आहेत आणि त्यांचा मला आदर आहे. बऱ्याच ठिकाणी मात्र स्वच्छ लॅपटॉप देतात, आणि साहेब विमानतळाच्या लाउंजमध्ये बसून त्यावर रोजच्याच पासवर्डनं रोजच्या मेलबॉक्समध्ये शिरतात. दहा मिनिटांत पाच वर्षांची मेल सिंक होऊन डिस्कवर उतरते. वर ब्राउझर विचारतो, पासवर्ड जतन करू का? साहेब ‘हो’ म्हणतात. रिकामेपणा विमान सुटण्याआधीच संपलेला असतो.

म्हणून खरं काम लॅपटॉप हाती यायच्या आधीचं आहे. या दौऱ्यात नेमक्या कुठल्या फायली लागतील? बहुतेकांना हा प्रश्न विचारला की ‘सगळ्याच लागू शकतात’ असं उत्तर येतं. बसून यादी करायला लावली की एक प्रेझेंटेशन, दोन करार आणि तिकिटं एवढंच निघतं. बाकीचं तिथे पोहोचल्यावर व्हीपीएनमधून पाहता येतं. पण काही देशांत व्हीपीएनवर बंधनं आहेत, तेव्हा तो तिथे चालतो का, हे निघण्याआधी विचारावं.

वाटेत दोनच सवयी सांगतो. तपासणीच्या रांगेत आणि हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप नुसता मिटून ठेवू नये, पूर्ण बंद करावा. झोपलेल्या लॅपटॉपच्या मेमरीत एन्क्रिप्शनची किल्ली जागीच असते, आणि ती तिथून काढता येते हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2008मध्येच दाखवलं आहे. दुसरं, परिषदेत भेट मिळालेला पेन ड्राइव्ह त्यात खुपसू नये, कितीही देखणी डबी असली तरी.

परतीचा टप्पा सर्वांत दुर्लक्षित. माणूस थकून येतो, सोमवारी ऑफिसला जातो आणि सवयीनं तो लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कला जोडतो. दौऱ्यात काही आत शिरलं असेल, तर त्याला आता थेट घरात प्रवेश मिळाला. लॅपटॉप बंद अवस्थेतच आयटीकडे जायला हवा. तिकडे केलेलं काम त्यांनीच तपासून काढून द्यावं. दौऱ्यात वापरलेले पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत आणि ते तात्पुरतं खातं बंद व्हावं. कुठे लॅपटॉप नजरेआड झाला असेल किंवा कुणी तपासायला नेला असेल, तर तेही सांगावं. अनेक जण बोलणी बसतील म्हणून गप्प राहतात. सांगणाऱ्याला चौकशीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्या कंपनीला असल्या गोष्टी पुन्हा कळत नाहीत, आणि तो दोष कर्मचाऱ्याचा नव्हे.

एवढं सगळं नीट केलं तरी एक भोक राहतंच. लॅपटॉप उसना, पण खिशातला फोन आपलाच. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, ऑफिसात शिरायचं ऑथेंटिकेटर त्यातच असतं, कुटुंबाचा आणि ग्राहकाचा व्हॉट्सॲप ग्रुप शेजारी-शेजारी असतो. लॅपटॉपसारखा तो घरी ठेवून जाता येत नाही, कारण तो नसेल तर उसन्या लॅपटॉपमध्येही शिरता येणार नाही. फोन थोडा तरी हलका कसा करायचा, ते पुढच्या आठवड्यात.