स्पिरिटपुरता किस्सा

काशीसमोर, गंगेपलीकडच्या रामनगरच्या रामलीलेत माइक नाही, विजेचा दिवा नाही. अनंत चतुर्दशीला रावणजन्माने सुरुवात झाली की ३१ दिवस लीला गावभर फिरते. अयोध्या एकीकडे, लंका भलतीच दूर, मधे पंचवटी. लोकांनी आपलं आसन उचलायचं आणि रामामागे चालायचं. अंधार पडला की मशाली आणि पेट्रोमॅक्स. याला हट्ट म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला विचाराल तर माइक आला असता, तर लीला चालवणाऱ्या व्यासांच्या ‘चुप रहो, सावधान’ला एवढा समुदाय गप्प झालाच नसता.

माझे मामा काशीतल्या ब्रह्माघाटावरचे. तिथल्या मराठी वस्तीत पिढ्या काढलेलं घर, त्यामुळे मराठी बोलता बोलता मधेच ‘का गुरू’ यायचं. चतुर्दशीला घरचा गणपती सकाळीच गंगेला पोचवायचा आणि दुपारी सामने घाटावरून नावेने पलीकडे. ते लीलेचे नेमी होते, एक दिवस चुकायचा नाही. धुवट धोतर, कानात अत्तराचा फाया, काखेत रामचरितमानसची छोटी पोथी आणि हातात बिस्किटांचा जुना डबा. डब्यात चामड्याचे वॉशर, पिना, मेंटलची पाकिटं, स्पिरिटची बाटली, झिजलेला दातांचा ब्रश.

संध्येसाठी लीला थांबली की कोणीतरी कुरकुरणारी बत्ती घेऊन यायचंच. बत्ती मंदावली की माणसं आधी पंप हाणतात. मामा आधी कान लावायचे. सूंऽऽ आवाज तुटत असेल तर निपलच्या भोकात काजळी, पिन फिरवली की काम झालं. दांडा ढकलताना हाताला जोरच लागत नसेल तर वॉशर वाळलेला. तो काढून खोबरेल तेलात टाकायचा, चिमटीत मळून मऊ करायचा, कड बाहेर पसरवायची आणि किंचित फिरवत नळीत सरकवायचा. कड दुमडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. नवं मेंटल बांधून एकदा जाळलं की उरते ती राखेची जाळी. बोट लागलं की संपली.

खरी परीक्षा पेटवताना. छोट्या वाटीत स्पिरिट ओतून आधी नळी तापवायची. घाई केली तर रॉकेलची वाफ होत नाही, पिवळा लोळ उठतो आणि काच काळी होते. थांबण्याच्या त्या वेळात मामा किस्सा सांगत. बहुधा बहरी अलंगचा, म्हणजे गावाबाहेरच्या सहलीचा: पलीकडच्या तीरावर साफा-पानी, बाटी-चोखा, भांग जरा जास्त झालेला एखादा शास्त्री. किस्सा स्पिरिट पुरेल एवढाच. निळी ज्योत खाली बसायला लागली की गोष्ट शेवटाशी यायची, मामा चाक फिरवायचे आणि भक्कन पडलेल्या पांढऱ्या उजेडात सगळे एकदम हसताना दिसायचे. स्पिरिट कमी पडलं म्हणून अर्धवट राहिलेले किस्से दुसऱ्या दिवशी लोक मागून घेत.

पैसे घ्यायचे नाहीत. कोणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, “सगळ्यांना ठंडाई पाज.” सुटे भाग मात्र स्वतःच्या पैशाने आणलेले. “दुसऱ्यांच्या घरी उजेड, आमच्याकडे उधारी,” हे मामींचं ठरलेलं वाक्य, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्यांदा मामाच हसत.

राज्याभिषेकानंतर पहाटेची आरती होते. रात्रभर जागलेल्या बत्त्या तेव्हा एकेक करून विझतात. मामा तिथूनच काही बत्त्या ‘ऑपरेशनला’ घरी आणत. वर्षभर गल्लीतले स्टोव्हही चालूच असत. कशावर चिठ्ठी नाही, नाव नाही. टाकीवरचा पोचा पाहून ते मालक सांगत.

मामा गेले तेव्हा माळ्यावर ही सगळी फौज पडलेली होती. तेराव्याला माणसं आली, जेवली, डोळे पुसले. मग एकाने दबक्या आवाजात विचारलं, “मामी, आमचा स्टोव्ह?” मामींनी शिडी लावून दिली आणि म्हणाल्या, “ज्याचा त्याने ओळखून न्या.” दुपारपर्यंत माळा रिकामा झाला. शेजारच्या आजोबांच्या वाट्याला गळकी टाकी आली. आपला स्टोव्ह पितळी होता आणि तो कोण घेऊन गेलं ते आपल्याला ठाऊक आहे, असं ते अजून सांगतात.