थकते बॅटरी, बदलावा लागतो फोन

भिलाईच्या पावर हाउस बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर उन्हाळ्यात एक तक्रार हमखास येते. फोन उत्तम चालतो, पण चार्जिंग टिकत नाही आणि मागचं झाकण फुगलंय.

कारागीर फोन गरम प्लेटवर ठेवतो. झाकणाचा गोंद नरम झाला की प्लास्टिकची पातळ पट्टी कडेकडेनं फिरवतो. घाई केली तर काच तडकते. आत बारीक स्क्रू, रिबन केबल आणि पुन्हा गोंदानं घट्ट बसवलेली बॅटरी. उचकटताना ती वाकली किंवा तिला टोक लागलं, तर पेट घेऊ शकते. साध्या बटणांच्या फोनमध्ये हेच काम नखानं झाकण उघडून व्हायचं.

बॅटरी थकण्यात कुणाचा कट नाही. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरतात आणि फोन वापरताना परत फिरतात. दर फेरीला थोडं लिथियम ग्राफाइटवरच्या पातळ आवरणात कायमचं अडकतं, तेवढी क्षमता घटते. अनेक फोनमध्ये सुमारे ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर ती मूळच्या ८० टक्क्यांवर येते. उष्णतेनं या अभिक्रिया वेग घेतात. काहींतून वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या दुर्ग-भिलाईत बॅटरीची झीज म्हणूनच लवकर होते.

म्हणजे आधी कोणता भाग थकणार, हे कंपनीला फोन बनवतानाच ठाऊक असतं. तरी तोच भाग गोंदात बसवायचा, हा तिनं घेतलेला निर्णय असतो. फोन पातळ राहतो, पाणी शिरत नाही, ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांचा भुर्दंड ग्राहक भरतो.

वस्तूचं आयुष्य मुद्दाम आखून देण्याचा इतिहास जुना आहे. १९२४ मध्ये ऑसराम, फिलिप्स आदी बड्या दिवा-कंपन्यांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाची युती केली. दीड-दोन हजार तास जळणारे बल्ब त्यांनी हजार तासांवर आणले. ज्या कारखान्याचे बल्ब जास्त टिकत, त्याला दंड बसे. अलीकडचं उदाहरण अ‍ॅपलचं. बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरनं कमी केला जातो, हे कंपनीनं डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. फोन अचानक बंद पडू नये, हा हेतू तिनं सांगितला. नवी बॅटरी टाकली की वेग परत येत होता; पण ग्राहकांना ते आधी सांगितलंच नव्हतं. त्याबद्दल फ्रान्सनं २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड लावला.

भिलाईकरांना याची उलट बाजूही ओळखीची आहे. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. झोतभट्टीच्या आतलं विटांचं अस्तर झिजतं, म्हणून ते काढून नवं घालण्याची सोय आराखड्यातच असते. अशा मोठ्या दुरुस्तीसाठीचा ‘कॅपिटल रिपेअर’ हा शब्द कारखान्याच्या टाउनशिपमध्ये घरोघरी माहीत आहे. झिजणारा भाग बदलता येईल असा बांधणं अभियंत्यांना चांगलं जमतं. फोनच्या बाबतीत त्यांच्याकडून ते मागितलं जात नव्हतं.

आता कायदे ते मागू लागले आहेत. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनच्या बॅटरीनं ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता राखणं बंधनकारक आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही प्रमुख सुटे भाग ७ वर्षं पुरवावे लागतात. भारतात ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. उपकरण दुरुस्तीला किती सोपं, याला गुण देणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये याच विभागाच्या समितीनं सादर केला. उपकरण उघडायला किती पायऱ्या लागतात, कोणते स्क्रू आणि कोणती हत्यारं लागतात, सुटे भाग मिळतात का, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ मिळणार, हे त्याचे निकष आहेत. हे गुण खोक्यावर ठळक छापले गेले, तर पावर हाउसमधल्या गिऱ्हाइकाला किमतीसोबत दुरुस्तीचाही हिशेब फोन घेतानाच मांडता येईल.