हाताला गुण आहे, हे डॉक्टरला कसं कळतं?

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरला गळीत हंगामात गेलात, तर एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा. ऊस गव्हाणीत पडण्याआधी वजनकाट्यावर जातो. रस निघाला की त्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. पिळून झालेल्या बगॅसमध्ये किती साखर राहून गेली, मळीतून किती निसटली, हेसुद्धा मोजलं जातं. या साऱ्यातून रोजचा एक आकडा निघतो : साखर उतारा, म्हणजे उसातून शेकडा किती साखर हाती आली ते. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभी केली आणि श्रीपूरचं नाव साखरेशी कायमचं जोडलं गेलं. तिथल्या शाळकरी पोरालाही उतारा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

आता त्याच गावातल्या फॅमिली डॉक्टरचा विचार करा. सकाळपासून पेशंटची रांग. ताप, खोकला, कंबरदुखी, साखर, बीपी. संध्याकाळी शटर ओढताना त्या डॉक्टरच्या हातात आजचा उतारा असतो का? आज तपासलेल्यांपैकी कितीजण बरे झाले, कितीजणांचं निदान चुकलं, कितीजणांना औषधाची गरजच नव्हती?

नसतो. आणि यात त्या डॉक्टरचा आळस नाही. कामाची घडणच तशी आहे. तापाचा पेशंट तीन दिवसांची औषधं घेऊन गेला आणि परत आला नाही. का आला नाही? बरा झाला म्हणून? की गुण आला नाही म्हणून अकलूजला दुसऱ्या दवाखान्यात गेला? की थेट सोलापूरला नेऊन भरती केलं? दवाखान्यातल्या खुर्चीवरून तिन्ही गोष्टी एकसारख्याच दिसतात : पेशंट आला नाही! त्यातच दुसरी गंमत बघा. साधी सर्दी आणि बरेचसे विषाणूजन्य ताप आपल्या पायांनी येतात आणि आपल्या पायांनी जातात. त्या आठवड्यात दिलेलं कुठलंही औषध ‘लागू पडतं’. पेशंट म्हणतो, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. डॉक्टरलाही ते पटतं. न पटायला कारणच काय?

मग निदान वर्षं जातील तसा हात सुधारतो, एवढं तरी खरं असेल ना? अमेरिकेतल्या संशोधकांनी या प्रश्नावरचे जुने अभ्यास एकत्र करून २००५ साली निष्कर्ष छापले. एकूण ६२ मूल्यमापनं. त्यातल्या निम्म्याहून अधिक मूल्यमापनांत, जे जे तपासलं त्या प्रत्येक बाबतीत, प्रॅक्टिसची वर्षं वाढली तशी कामगिरी घसरलेली दिसली. पांढरे केस बघून विश्वास टाकणाऱ्या आपल्या सगळ्यांना हादरवणारी ही गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने डॉक्टरांचा स्वतःबद्दलचा अंदाज आणि बाहेरून मोजलेली कामगिरी शेजारी शेजारी ठेवली. बहुतेक तुलनांत दोन्हींचा फारसा मेळ बसला नाही. सगळ्यात चुकीचा अंदाज होता तो ज्यांचं कौशल्य कमी आणि आत्मविश्वास जास्त, त्यांचा.

हे परदेशातलं झालं. आपल्याकडे धारावीत तर हे उघड्यावर दिसलं. डॉ. मुकुंद उपलेकर आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड शेपर्ड यांनी तिथल्या खाजगी डॉक्टरांना विचारलं, क्षयाच्या पेशंटला तुम्ही काय लिहून द्याल? आजार एक, जंतू एक, वस्तीही एक. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभर डॉक्टरांकडून औषधयोजना आल्या ऐंशी! वेगवेगळ्या, ऐंशी. शेजारच्या गल्लीतला डॉक्टर काय लिहितो हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडून बघण्याची वेळच कधी कुणावर आली नव्हती.

पुढे डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटाने मुंबईतच हाच प्रश्न पुन्हा विचारला. २०१० सालच्या त्यांच्या शोधनिबंधात १०६ डॉक्टर आहेत आणि औषधयोजना ६३. अचूक योजना लिहिणारे फक्त सहा. मधल्या वीस वर्षांत मार्गदर्शक सूचना निघाल्या होत्या. पण ‘तुम्ही लिहिता ते आणि लिहायला हवं ते यात एवढं अंतर आहे’ असं एकेका डॉक्टरला समोर बसवून सांगणारं कुणी नव्हतं.

असं सांगण्याची व्यवस्था उभी करता येते का? इंग्लंडने केली, आणि मला ती माणसाने लावलेल्या शहाण्या शोधांपैकी एक वाटते. २००२ पासून तिथल्या प्रत्येक फॅमिली डॉक्टरचं दर वर्षी मूल्यमापन होतं. तिथे प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी डॉक्टरांचंही. ही परीक्षा नव्हे. पास-नापास नाही, वरून आलेला साहेब नाही. समोर बसतो तो प्रशिक्षण घेतलेला दुसरा डॉक्टर, दोन-तीन तास, दार बंद करून. आधी आपण वर्षभराची शिदोरी जमवायची : निदान पन्नास तासांचं शिक्षण आणि त्यातून काय बदललं याच्या नोंदी, स्वतःच्या कामाची स्वतः केलेली मोजणी, थोडक्यात टळलेले किंवा न टळलेले प्रसंग, आलेल्या तक्रारी. पाच वर्षांतून एकदा तरी सहकाऱ्यांकडून आणि पेशंटकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. शेवटी दोघं मिळून पुढच्या वर्षी काय शिकायचं ते लिहून काढतात. आणि पुढच्या वर्षी पहिला प्रश्न येतो तो तिथूनच : ठरवलं होतं, त्याचं काय झालं?

एका डॉक्टरने दुसऱ्याला असं विचारायचं, यातलं धाडस लक्षात येतं का? आपल्याकडे दोन डॉक्टर वर्षानुवर्षं एकाच चौकात बसतात, लग्नकार्यात भेटतात, पण एकमेकांचे केसपेपर बघत नाहीत.

इंग्लंडातल्या या कथेला एक काळी बाजूही आहे. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हॅरॉल्ड शिपमन नावाचा फॅमिली डॉक्टर होता. लोकांचा आवडता, घरी जाऊन तपासणारा. जानेवारी २००० मध्ये त्याच्यावर पंधरा पेशंटच्या खुनांचा गुन्हा सिद्ध झाला. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने पुढे बळींची संख्या अडीचशेच्या आसपास मानली. विश्वास हा पुरावा नव्हे, हे त्या देशाला इतकी किंमत मोजून कळलं. पण स्मिथ यांनी एक गोष्ट निर्भीडपणे नोंदवली : वार्षिक मूल्यमापनाने शिपमन सापडला नसता. वर्षभराची शिदोरी तो स्वतःच निवडून आणणार, मग त्यात खून कशाला ठेवेल?

मग तो कशाने सापडला असता? इथे गोष्टीत गणित शिरतं, आणि कुठून शिरतं ते बघा. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कमध्ये अब्राहम वॉल्ड नावाचा गणिती दारूगोळ्याच्या तपासणीवर काम करत होता. ठरावीक संख्येने गोळे उडवून मग निर्णय का घ्यायचा? प्रत्येक गोळ्यानंतर पुराव्याची बेरीज करत जा, बेरजेने रेषा ओलांडली की थांबा. एवढी साधी युक्ती. साठ वर्षांनी डेव्हिड स्पीगलहॉल्टर आणि सहकाऱ्यांनी तीच युक्ती हाइडच्या मृत्यूंच्या नोंदींना लावली. अपेक्षेपेक्षा जास्तीच्या मृत्यूंची बेरीज करत गेलं, तर १९८०च्या दशकाच्या मध्यालाच धोक्याची रेषा ओलांडली जात होती! शिपमनला अटक झाली १९९८ मध्ये. आणखी एक आलेख तर अंगावर काटा आणतो. आसपासच्या डॉक्टरांचे पेशंट दिवसाच्या कुठल्याही वेळी दगावत होते, शिपमनचे मात्र दुपारी दोनच्या सुमारास गर्दी करून. त्याच्या घरभेटींची वेळ तीच होती. आकडे सगळे नोंदलेले होते, त्यांची बेरीज कुणी केली नव्हती, एवढंच.

म्हणून आता तिथे दुहेरी व्यवस्था आहे. दर वर्षी ते बंद दाराआडचं बोलणं, आणि डिसेंबर २०१२ पासून दर पाच वर्षांनी परवाना पुढे चालू ठेवण्याचा निर्णय. हा निर्णय मूल्यमापनांबरोबर बाहेरची माहितीही बघून होतो.

आपल्याकडे काय आहे? २००२च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने पाच वर्षांत किमान तीस तास सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांना, हजर राहणं अपेक्षित आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणीच्या नूतनीकरणाला त्याचे क्रेडिट पॉइंट मागते. हे चांगलंच आहे. पण मोजली जाते ती हजेरी. व्याख्यान ऐकून परतलेल्या डॉक्टरची चिठ्ठी बदलली का, हे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते मोजण्यासारखं तेवढंच आहे.

ते बघितल्याने खरंच फरक पडतो का? २०१२ साली १४० प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. डॉक्टरचं काम मोजून त्याचे आकडे त्यालाच दाखवले, तर सुधारणेचा मध्यक चार टक्के अंकांच्या आसपास. दिसायला थोडी, पण हजारो पेशंटना गुणून बघा. जास्त गुण कुठे आला? जिथे सुरुवातच कमकुवत होती, आकडे दाखवणारा वरिष्ठ किंवा सहकारी होता, एकदा नव्हे तर वारंवार दाखवले गेले, तोंडीही सांगितले आणि लिहूनही दिले, आणि पुढे काय करायचं ते ठरलं. त्या बंद दाराआडच्या बैठकीची जणू कृतीच!

याला ना मोठं हॉस्पिटल लागतं, ना संगणक. मधुमेहाच्या शेवटच्या वीस पेशंटचे केसपेपर काढा. वर्षभरात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, कितींची झाली? पाय कितींचे तपासले? आकडा लिहा, शेजारच्या डॉक्टरला दाखवा, सहा महिन्यांनी पुन्हा वीस काढा. अकलूज, श्रीपूर, पंढरपूर या पट्ट्यातले चार डॉक्टर ठरवतील तर एका रविवारी सुरू होईल.

वेळ कुठे आहे, असं कुणी म्हणेल. १ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने देशभरातल्या ८८० शहरांतल्या आणि गावांतल्या ७,४०० डॉक्टरांनी रोजची प्रॅक्टिस करता करता आपल्या पेशंटच्या तक्रारी आणि निदानं फॉर्मवर उतरवली. नोंदले गेले २,०४,९१२ पेशंट. भारतातला माणूस डॉक्टरकडे कशासाठी जातो, याचं एवढं मोठं चित्र त्या एका दिवसातून तयार झालं.