सुट्या भागांचें दप्तर

टोकण यंत्रांतील बियाण्याची चकती म्हणजे तळहाताएवढी वस्तु. परंतु ऐन वाफशाच्या दिवशीं ती तुटली कीं सारी पेरणी खोळंबते. तालुक्याच्या दुकानीं विचारावें तर 'तें मॉडेल आतां बंद झालें' असें उत्तर मिळतें. अशा प्रसंगीं उपयोगी पडणाऱ्या एका नव्या विद्येकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असा आमचा हेतु आहे.

संगणकावर वस्तूची आकृति काढावयाची व ती थ्रीडी प्रिंटर नांवाच्या यंत्रास द्यावयाची, एवढीच ती विद्या. हें यंत्र प्लॅस्टिकची तार सुमारें २०० अंश सेल्सिअस उष्णतेवर वितळवून थरावर थर देत जातें. एकेक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा. काम सावकाशीचें, एका चकतीस कांहीं तास लागतात. या पद्धतीचें अमेरिकेंतील मुख्य पेटंट २००९ मध्यें संपलें. तत्पूर्वींच, २००५ मध्यें, इंग्लंडांतील बाथ विद्यापीठाच्या ॲड्रियन बोयर यांनीं अशा यंत्राचे आराखडे सर्वांस खुले करण्याचा उपक्रम आरंभिला होता. लाखांनीं मोजावी लागणारी किंमत त्यामुळें हजारांवर आली. आपल्याकडेही, शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ मध्यें स्थापिलेल्या विज्ञान आश्रमांत २००२ सालीं 'फॅब लॅब' ही संगणकचलित यंत्रांची कर्मशाळा निघाली.

परंतु आमच्या मतें खरें महत्त्व यंत्राचें नव्हे, आकृतीचें आहे. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. मोजणीचा नकाशा जपलेला असला कीं बांधावरची खूण नाहींशी झाली तरी हद्द पुन्हा कायम करितां येते, हें आम्हीं अनेक वेळां पाहिलें. सुट्या भागाचेंही तसेंच. कारखान्यानें माल बंद केला तरी आकृति असल्यास भाग पुन्हा होतो. शिवाय हरभऱ्यासाठीं छिद्रें मोठीं, ज्वारीसाठीं लहान, असा फेरफार थोड्या वेळांत होतो.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. पीएलए नांवाचें स्वस्त प्लॅस्टिक (तें मका किंवा उंसाच्या साखरेपासून होतें, ही शेतकऱ्यास मौज वाटेल!) ६० अंशांच्या आसपास मऊ पडतें. उन्हांत तापणाऱ्या अवजारास पीईटीजी बरें. थरांच्या सांध्यावर ताण आला तर वस्तु तेथेंच दुभंगते. नांगराचा फाळ किंवा ब्रेकचा भाग प्लॅस्टिकचा करणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. तेथें अस्सल लोखंडच हवें.

धड भागाचीं मापें घेणें सोपें, तुटलेल्याचीं कठीण. म्हणून आमची सूचना अशी कीं, मंडळानें या उन्हाळ्यांत सभासदांच्या पेरणी व फवारणी यंत्रांचे झिजणारे भाग व्हर्नियरनें मोजून त्यांच्या आकृत्या संगणकांत नोंदवाव्या. यंत्राचें नांव, वर्ष, भाग कोणत्या प्लॅस्टिकचा केला व किती एकर चालला, हें नोंदींत असावें. फसलेल्या भागाचीही नोंद तितक्याच अगत्यानें ठेवावी. ज्या भागावर पेटंट चालू आहे, त्याची आकृति मालकाच्या परवानगीवांचून घेऊं नये. महाविद्यालयांत शिकणारीं आपलीं मुलें हें काम एका सुटींत करतील. आरंभ टोकण यंत्राच्या चकतीपासून व्हावा. मृगास अजून अवधि आहे.