सी-आर्म : किती स्पष्ट, किती किरण?

मणक्यात स्क्रू बसवताना सर्जनची नजर सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरण चित्र दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर असते. स्क्रू जातो तो पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या अरुंद हाडातून. तो जरा आत सरकला तर मज्जारज्जूला किंवा नसेला इजा होऊ शकते. म्हणून चित्र स्पष्ट हवे आणि त्यासाठी क्ष-किरणही जास्त लागतात. पण दर वेळी नाही. कितवा मणका हे मोजायला कमी डोसचे दाणेदार चित्र बहुधा पुरते. स्क्रूचे टोक पेडिकलच्या आतल्या कडेशी आले की मात्र कंजुषी नको.

एक उपाय दोन्हीकडून फायद्याचा : कॉलिमेटरची पाती आत घेऊन झोत हव्या त्या मणक्यापुरता ठेवायचा. विखुरणारे किरण घटतात आणि चित्रही उठावदार होते. मॅग्निफिकेशनचे उलट, बहुतेक यंत्रांत ते डोस वाढवते. तरी बटण त्याचेच जास्त दाबले जाते!

शस्त्रक्रियागृहातल्या माणसांपर्यंत पोहोचणारे किरण मुख्यतः रुग्णाच्या शरीरातून विखुरलेले असतात, आणि क्ष-किरण ट्यूबच्या बाजूला ते अधिक. त्यामुळे आडवे चित्र घेताना सर्जनने डिटेक्टरच्या बाजूला उभे राहावे. अंतर दुप्पट केले की डोस साधारण चौथाईवर येतो.

अणुऊर्जा नियामक मंडळाची कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादा : पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट, एका वर्षात जास्तीत जास्त 30. मोजमाप टीएलडी बॅजवर होते. तो शिशाच्या एप्रनच्या आत, छातीशी लावायचा. ड्रॉवरमध्ये राहिलेल्या बॅजवर त्या दिवसाची नोंद होत नाही.