वर्धेकरांनो, पोरांना डाबडुबली शिकवली का?

५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी क्लास कशाला? आपली डाबडुबली आहे ना! टांगेखालून काठी भिरकवायची, राज्य असलेला ती आणेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढायचं. धावणं, चढणं, लोंबकळणं, तोल सांभाळणं, सगळं एकाच खेळात, फी शून्य.

अंग खेळासारखंच कामातूनही हलतं. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं आजही मातीत राबतात. घरीही झाडांना पाणी पोरांनाच घालू द्या.

उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच खेळायला सोडा. आणि शेवग्यावर चढू देऊ नका, फांदी काडकन मोडते.