चंदन : अत्तराचा आधार, बांधावरचे झाड

कनौजचे कारागीर तांब्याच्या डेगेत गुलाब उकळतात, तेव्हा त्याची वाफ भपक्यातील चंदनतेलात उतरते. फुलाचा गंध चंचल असतो. चंदनतेल सावकाश उडते आणि त्या गंधाला धरून ठेवते. स्वतःचा मंद, गोडसर, उबदार वासही ते मागे ठेवते. हा गुण मुख्यतः सँटॅलॉल या घटकाचा होय. चंदन महागल्यापासून अनेक ठिकाणी त्याऐवजी द्रव पॅराफिन वापरले जाते. त्याला अत्तर म्हणावे काय, हा प्रश्नच आहे.

सुवास असतो तो केवळ गाभ्यात. बाहेरचे पांढरे लाकूड निर्गंध असते. तेलाचे प्रमाण मुळांत सर्वाधिक असल्याने चंदन बुंध्याशी न तोडता मुळासकट काढतात. गाभा धरण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात, उत्तम तेलासाठी त्याहून कितीतरी अधिक. दहा वर्षांत कोट्यधीश करण्याची आश्वासने देणाऱ्यांपासून शेतकरी बांधवांनी सावध राहणे इष्ट.

हे झाड अर्धपरोपजीवी आहे. पाने हिरवी असली तरी त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांतून पाणी व क्षार ओढतात. म्हणून रोपाशेजारी तूर लावतात, पुढे सुरूसारखे दीर्घायुषी झाड लागते. बिलोली तालुक्यात तूर नवी नाही. अडचण जमिनीची आहे. मांजरेकाठच्या खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, ते चंदनाला मानवत नाही. निचऱ्याचा मुरमाड माळ त्याला अधिक योग्य.

पक्ष्यांनी फळे खाऊन टाकलेल्या बियांतून बांधावर चंदन आपोआपही उगवते. असे झाड खाजगी जमिनीत असले, तरी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत चंदनाचा समावेश असल्याने परवानगीवाचून ते तोडता येत नाही. वाहतुकीसाठी वन विभागाचा परवाना लागतो. बिलोलीला तेलंगणाची सीमा लागून असल्याने हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. चोरटे गाभा पाहण्यासाठी कोवळ्या खोडावरही घाव घालतात आणि गाभा नसलेले झाड हकनाक मरते. लागवड वा आपोआप उगवलेली झाडे सातबाऱ्यावर नोंदवून घेतल्यास पुढे तोडीची परवानगी मागताना व चोरीची फिर्याद देताना मालकी दाखविणे सुलभ होते. ही नोंद झाड लहान असतानाच तलाठ्याकडे करून घ्यावी.